प्लायवूडपलीकडचा युरोप

रविकांतने चिठ्ठी उघडून लीनाला दाखवली तेव्हा ती मटार सोलत बसली होती. चिठ्ठीवर दोनच शब्द होते : 'बाहेर पडावे.'

"कुठून?" लीनाने विचारलं.

"युरोपीय संघातून. ब्रिटनने."

"मग ठीक आहे," म्हणून लीनाने पुढची शेंग उचलली. "मला वाटलं, घरमालकाची नोटीस आली."

येणारी, १९९९ची संक्रांत रमजानात येत होती, म्हणून कुवेतच्या मराठी मंडळाने आपलं स्नेहसंमेलन ईदनंतर ढकललं होतं. तिळगूळ शिळा होणार होता, पण वादविवाद स्पर्धेचा विषय मात्र अगदी ताजा निवडला होता. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी युरोपात युरो नावाचं नवं चलन सुरू होणार होतं आणि ब्रिटनने त्यात जावं की नाही, किंबहुना संघातच राहावं की नाही, यावर जगभर चर्चा चालली होती. तेव्हा विषय ठरला, 'ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे काय?' ज्या देशात राहायचं तिथे मत नाही आणि ज्या देशात मत आहे तिथे मतदानाच्या दिवशी जायला रजा नाही, अशी अब्बासिया आणि साल्मिया या वस्त्यांतली मंडळी ब्रिटनचं भवितव्य ठरवायला बसणार होती. बाजू निवडायची नाही, चिठ्ठी टाकून येईल ती घ्यायची, असा मंडळाचा जुना शिरस्ता होता.

रविकांत मूळचा नाशिकचा. रिफायनरीच्या एका कंत्राटदार कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. दिवसभर तो प्रेशर आणि टेंपरेचर मोजायचा आणि उरलेला सगळा वेळ स्वप्नात असायचा. पहाटे कंपनीची बस अब्बासियातून निघाली की तो खिडकीला डोकं टेकवायचा. हिवाळ्याच्या धुक्यात दूरवर रिफायनरीच्या चिमण्यांच्या ज्वाळा नुसत्याच तरंगताना दिसायच्या, खाली चिमणीही नाही आणि जमीनही नाही. त्या बघत तो कुठल्या कुठे जायचा. ड्रायव्हिंगची परीक्षा तो अशीच नापास झाला होता. परीक्षकाने डावीकडे वळायला सांगितलं आणि हा उजवीकडच्या सीगल पक्ष्यांकडे बघत सरळ गेला.

त्याचा आणखी एक स्वभाव होता, आणि तो लीनालाच काय तो पुरता ठाऊक होता. कुठलीही गोष्ट त्याने तीन-चार वेळा मोठ्याने म्हटली, की ती त्याला पटायची. एकदा कुणाच्या तरी घरी शिष्टाचार म्हणून त्याने कारल्याच्या भाजीचं कौतुक केलं, आणि पुढे दोन वर्षं कारलं आवडीने खाल्लं. त्यामुळे चिठ्ठी बघून लीनाने मटार सोलणं चालू ठेवलं असलं, तरी मनात तिच्या शंकेची पाल चुकचुकलीच.

"अहो, पण तुम्ही तर परवा म्हणत होतात की एकत्र राहण्यातच शहाणपण आहे."

"ते माझं मत. ही माझी बाजू," रविकांत म्हणाला आणि सरावासाठी भिंतीसमोर उभा राहिला.

ती भिंत म्हणजे खरं तर भिंत नव्हतीच. घरमालकाने एका ऐसपैस फ्लॅटमध्ये मधोमध प्लायवूड ठोकून त्याचे दोन फ्लॅट केले होते. दोघांची बाहेरची दारं जिन्यावर शेजारी शेजारी होती. पण प्लायवूडच्या मधोमधही एक दार राहून गेलं होतं. ते खिळे ठोकून बंद करायचं घरमालक विसरला, आणि त्याला आठवण करून द्यायचं दोन्ही भाडेकरूंनी टाळलं. पलीकडे राहायचे रत्नागिरीकडचे कासमभाई, त्यांची बायको रुकय्या आणि मुलगा यासिर. कासमभाईंचं अम्गऱ्याच्या भंगारबाजारात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. रविकांतची मुलगी मुक्ता आणि यासिर एकाच वर्गात होते.

हे मधलं दार कधी लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वॉशिंग मशीन रविकांतकडे होतं, ते दोघांचं. गाडी कासमभाईंकडे होती, तीही दोघांची. गच्चीवरच्या डिशचा रिसीव्हर कासमभाईंकडे आणि त्याला दोन टीव्ही जोडलेले, त्यामुळे पलीकडे जे चॅनल लागेल तेच अलीकडे दिसायचं. यासिरचं गणित रविकांत घ्यायचा. तांदळाच्या भाकऱ्या रुकय्याच्या, पुरणपोळ्या लीनाच्या. भांडी तर इतकी इकडची तिकडे झाली होती की कुठलं कुणाचं हे सांगायला लीना-रुकय्याच्या आयांनाच बोलवावं लागलं असतं. कागदावर काहीच नव्हतं, पण संघ होता आणि बरा चालला होता.

रविकांतचा सराव प्लायवूडसमोर चालायचा, कारण आरसा तिथे होता.

"अध्यक्षमहाराज! ज्याला स्वतःचा समुद्र आहे, त्याने दुसऱ्याच्या दारात पाण्यासाठी का उभं राहावं?"

"वा!" पलीकडून कासमभाईंचा आवाज यायचा. "समुंदराचा येकदम झकास हाय, रविभाऊ. परत येकदा बोला."

रविकांत परत बोलायचा. अभ्यास म्हणून त्याला युरोपच्या बातम्याही बघायच्या होत्या, आणि त्या नेमक्या लागायच्या रोजा सोडण्याच्या सुमाराला, रुकय्याच्या मालिकेच्या वेळी. त्याने संकोचत विचारलं, तर कासमभाई म्हणाले, "माफी मुश्किल, काय वांदा नाय! येका म्हयन्याचा तर सवाल हाय." सबंध रमजानभर ते कुटुंब खजूर खाता खाता युरोपातल्या गव्हाच्या अनुदानाबद्दल ऐकत होतं. रुकय्याची मालिकेतली सून नेमकी त्या महिन्यात घर सोडून गेली. का गेली, ते रुकय्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

ईद झाली. शीरखुर्मा झाला. आणि इकडे रविकांतला भाषण हळूहळू पटायला लागलं.

आधी त्याला ब्रिटनपुरतंच पटलं. केळं किती वाकडं असावं हेसुद्धा म्हणे ब्रुसेल्सला ठरतं, हे वाक्य म्हणताना त्याचा आवाज खरोखरच चढायचा. मग एकदा बसमध्ये ज्वाळांकडे बघता बघता त्याच्या मनात आलं, आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? कपडे कधी धुवायचे ते रुकय्याभाभींना विचारून. बाजारात कधी जायचं ते कासमभाईंच्या सवडीने. क्रिकेट चालू असलं तर आपल्या घरात आपणही क्रिकेटच बघायचं. आपलं मशीन, आपली वीज, आपलं गणित! आणि आपल्याला काय मिळतं? इथे त्याला भाकऱ्या आठवल्या. पण भाषणात जसं विरुद्ध बाजूचे मुद्दे टाळायचे असतात, तशा त्याने त्या टाळल्या.

त्या शुक्रवारी जेवून तो लवंडला आणि त्याला स्वप्न पडलं. स्वप्नात प्लायवूड अलगद सुटलं आणि त्यांचा अर्धा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरून निघून चक्क तरंगायला लागला. अब्बासियाच्या गच्च्यांवरून, डिशच्या छत्र्यांवरून, पाण्याच्या निळ्या-पांढऱ्या टाक्यांवरून तो सावकाश समुद्राकडे निघाला. खाली माणसं टोप्या हलवत होती. समुद्र दुधासारखा पांढरा आणि शांत होता. लीना गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि प्रत्येक कपडा वाळत घातला की त्याचं शीड होत होतं. रविकांत दारात उभा होता, अंगात काळा कोट. आपण बेट झालो, असं त्याला वाटलं, आणि झोपेतच तो इतका सुखाने हसला की मुक्ता आईला बोलावून आणून दाखवायला लागली. मग स्वप्नात मागून एक होडी आली. होडीत कासमभाई, हातात भाकऱ्यांचा डबा. "रविभाऊ, गरम हायत!" ते ओरडत होते. रविकांतने त्यांना परवाना विचारला. परवाना नव्हता. होडी वळली आणि धुक्यात दिसेनाशी झाली, आणि भाकऱ्यांचा वास तेवढा पाण्यावर राहिला.

तो उठला तो या वासानेच. पलीकडे खरोखरच भाकऱ्या चालल्या होत्या. तोंड धुवायला तो न्हाणीघरात गेला तर वॉशिंग मशीन थांबलेलं. झाकण उघडून त्याने स्पर्धेसाठी मुद्दाम घेतलेला पांढरा शर्ट बाहेर काढला. शर्ट करडा झाला होता, आणि त्याच्या बाहीला मिठी मारून बाहेर आला तो कासमभाईंचा अम्गऱ्याच्या ग्रीसने माखलेला डांगरी सूट. यासिरने न बघता आत टाकला होता.

रविकांत करडा शर्ट हातात धरून मधल्या दारात जाऊन उभा राहिला.

"बस्स!" तो म्हणाला. "आता एकच मार्ग. या संघातून बाहेर पडायचं! आजवर खूप सोसलं. आमच्या घरात काय धुवायचं हे आम्ही ठरवू. आम्हाला आमचं सार्वभौमत्व हवं!"

कासमभाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. रुकय्या पिठाच्या हातांनी बाहेर आली. आणि यासिरसकट तिघांनीही जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

"लै भारी!" कासमभाई म्हणाले. "आज जीव ओतलात बगा. तो शर्ट हातात घेताव ना, तो स्पर्धेत पन घ्या. असर पडतो."

"मी गंमत करत नाहीये, कासमभाई! मी खरंच बाहेर पडतोय!"

"आता तर अजूनच झ्याक!" कासमभाईंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. यासिरने शिटी मारली.

इतक्या कौतुकात कुठल्याही देशाला बाहेर पडावं लागलं नसेल. रविकांतने मधलं दार धाडकन लावलं, कडी घातली आणि आपल्या टीव्हीची समजून एक वायर उपटून टाकली. आता वायरी दोन होत्या. एक गच्चीवरून रविकांतच्या खिडकीतून आत येऊन, त्याच्या हॉलमधून, प्लायवूडच्या भोकातून पलीकडे रिसीव्हरला जायची. दुसरी रिसीव्हरकडून परत त्याच्या टीव्हीला यायची. कारखान्यातल्या शेकडो वायरी ओळखणाऱ्या या इंजिनियरने रागाच्या भरात नेमकी पहिली उपटली. पलीकडे भारत-पाकिस्तानची कसोटी चालू होती आणि बोलर धावत निघाला होता.

आणि मग पलीकडच्या टाळ्या थांबल्या.

"बाबा, व्हॉट डिड यू डू?" मुक्ता म्हणाली.

पलीकडच्यांना खरं वाटलं ते तेव्हा. कासमभाई तसे राजा माणूस, पण बोलर धावत असताना वायर उपटणाऱ्याला माफी नाही, असं त्यांचं सरळ गणित होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या दाराला पलीकडून काहीतरी जड टेकवल्याचा आवाज आला. अम्गऱ्याहून त्यांनी एक लोखंडी कपाट आणून लावलं होतं.

बाहेर पडणं सोपं असतं, पण सामान आतच राहतं. मशीनमध्ये कासमभाईंचे ओले कपडे होते. पलीकडे मुक्ताची कंपासपेटी, लीनाचा कुकर आणि रविकांतचा चष्मा होता. समोरासमोर बोलणं तर बंद. मग मध्यस्थ म्हणून हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला बोलावण्यात आलं. त्याचं नाव अहमद. तो ओल्या कपड्यांची बादली घेऊन रविकांतच्या दारातून बाहेर पडायचा, जिन्यावर दोन पावलं टाकायचा आणि कासमभाईंची बेल वाजवायचा. तिथून कुकर घेऊन पुन्हा दोन पावलं. हे काम त्याने फार गंभीरपणे केलं. कपडे किती आणि कुठले, हे तो दोन्ही दारात मोठ्याने म्हणून दाखवायचा, त्यामुळे कोण कुठल्या रंगाची बनियन घालतं हे सगळ्या इमारतीला कळलं.

पुरुष भांडले, पण लीनाने आपली रीत सोडली नाही. पलीकडचं एक पातेलं तिच्याकडे राहिलं होतं. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिला नाशिकला लहानपणापासून शिकवलेलं. तिने त्यात तिळाचे लाडू भरले आणि अहमदच्या हाती दिले. संध्याकाळी अहमद तिचा डबा घेऊन आला. लीनाने घाईने झाकण उघडलं. डबा स्वच्छ धुतलेला आणि रिकामा होता. त्यात साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

तेव्हा लीना रडली. रविकांत बसमधून उतरून वर आला तर ती त्या रिकाम्या डब्यासमोर बसलेली.

"काय झालं?"

"तुमचा ब्रिटन झाला!" ती म्हणाली. "तुम्ही पहाटे जाता ते दिवेलागणीला येता. मुक्ता शाळेत. मला गाडी नाही, नोकरी नाही, इथली भाषा नाही. मला या अख्ख्या कुवेतमध्ये एकच दार होतं. भाजीला फोडणी घालताना मी रुकय्याशी बोलायचे, ती भाकरी थापताना माझ्याशी. तेवढाच माझा देश होता, समजलं? तो तुम्ही भाषणासाठी सोडलात."

"अगं, मग समोरच्या दाराने जा की! दोन पावलांवर तर आहे."

"बेल वाजवून? इतकी वर्षं मी पदराला हात पुसत जायची त्या घरात. आता पाहुणीसारखी बेल वाजवू? आणि तिने तर डबाही रिकामा पाठवला."

रविकांतला वाईट वाटलं. पण भाषण त्याला इतकं पटलेलं होतं की सुरुवातीला थोडी झळ सोसावीच लागते, हा आपलाच चौथा मुद्दा त्याला आठवला. तो त्याने बोलून दाखवला. त्यानंतर लीनाही त्याच्याशी बोलेनाशी झाली, आणि बेटाभोवती खरोखरच चहूबाजूंनी पाणी झालं.

स्पर्धेच्या शुक्रवारी ते तिघं टॅक्सीने गेले. रविकांतच्या अंगात तो करडा शर्ट होता. हॉलमध्ये शिळ्या तिळगुळाचा वास दरवळत होता आणि 'गोड बोला'च्या पाटीखाली वाद घालायची तयारी चालली होती. व्यासपीठामागे मंडळाच्या लताताई घामाघूम झाल्या होत्या.

"रविकांत, बरं झालं आलात! घोटाळा झालाय. 'राहावे'वाल्यांतले दोघं शिफ्टवर अडकले, एकाला ताप आहे. 'बाहेर पडावे'वाले सहा आणि 'राहावे'ला एकच! तुम्ही 'राहावे'वर बोला."

"मी? अहो, मी महिनाभर—"

"तुम्हाला काय हो, तुम्ही कुठूनही बोलाल. चला, तुमचंच नाव पुकारलंय."

रविकांत माइकसमोर उभा राहिला. पाठ केलेला प्रत्येक मुद्दा आता शत्रूचा होता. समोरची माणसं धुक्यातल्यासारखी अंधूक दिसत होती, कारण चष्मा अजून पलीकडेच होता. पंखे हळूहळू फिरत होते. त्याला ते स्वप्नातलं पांढरं पाणी आठवलं, आणि वळून जाणारी होडी. तो बोलायला लागला. काय बोलला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. ब्रिटनबद्दलच बोलला असावा, पण बोलता बोलता म्हणाला की बेटाला सगळं मिळतं, फक्त कुणी सहज डोकावत नाही. म्हणाला, नियम तापदायक असतात खरे, पण ज्याचा ताप होतो तोच गरम भाकरीही पाठवतो. युरोपात भाकरी कुठून आली असं परीक्षकांनी विचारलं नाही, कारण त्यांतल्या दोघांनी डोळ्यांना रुमाल लावला होता.

रविकांतला पहिलं बक्षीस मिळालं. मंडळाची फिरती ढाल, पितळेची. आणि एकदाच बोलला असला तरी ते त्याला पटलंही. आता त्याचा संघावर इतका विश्वास बसला होता की टॅक्सीत तो ढाल पोटाशी धरून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. लीना खिडकीबाहेर बघत होती. दुपार कलली होती, ऊन मऊ पडलं होतं आणि रस्त्यावरचे दिवे उजेडातच लागले होते.

जिन्यात अहमद भेटला. ढाल बघून त्याने छातीवर हात ठेवला.

"मबरूक, मुहंदिस साब!" तो म्हणाला; मुहंदिस म्हणजे इंजिनियर. "और शुक्रिया. तुम्हारा मीठा बहुत अच्छा. गोल वाला अच्छा, वो बाजूवाला सफेद नरम वाला और अच्छा. मैं खाया, बर्तन साफ धोया, फिर दिया."

"कुठलं मीठा?" रविकांतने विचारलं.

"बर्तन में था ना! दोनों घर से मेरे लिए. अल्लाह बरकत दे."

लीना पायरीवर थबकली. रुकय्याने डबा रिकामा पाठवलाच नव्हता. पांढरं आणि मऊ म्हणजे तांदळाच्या रव्याची गोड सांदणं. तिने सांदणं पाठवली होती, लीनाने लाडू पाठवले होते, आणि दोन्ही ऐवज सीमेवरच्या अधिकाऱ्याने अगदी प्रामाणिकपणे खाऊन भांडी लखलखीत करून पोचती केली होती. दोन्ही घरं आठवडाभर एकमेकांच्या रिकाम्या भांड्यांवर रुसून बसली होती.

"आत्ताच्या आत्ता बोलतो मी!" म्हणत रविकांत कुलूप उघडून ढालीसकट आत धावला आणि मधल्या दाराची कडी काढली. दार ढकललं तर ते तसूभर उघडून लोखंडी कपाटाला अडलं. त्या फटीला त्याने तोंड लावलं.

"कासमभाई! कासमभाई, ऐका! मी 'राहावे'वर बोललो आणि पहिला आलो!"

पलीकडे खुसपुस झाली. मग कासमभाईंचा आवाज आला, जरा घोगरा.

"मुबारक. पन आमी आता बायेर हाव."

"अहो, पण संघात राहण्यात केवढा फायदा आहे! एकत्र राहिलं की बाजार मोठा होतो."

"अध्यक्षम्हाराज!" कासमभाई पलीकडून म्हणाले. "ज्याला सोताचा समुंदर हाय, त्याने दुसऱ्याच्या दारात पान्यासाठी का उभं ऱ्हावं?"

रविकांत चमकला. "ते ठीक आहे, पण एकट्या देशाला जगात कोण विचारतं?"

"ज्याचा कना ताठ हाय, त्याला समदे विचारतात! मुद्दा दुसरा, रविभाऊ. आटवतो का?"

आठवायला कशाला हवं? महिनाभर त्यानेच तो प्लायवूडला ऐकवला होता. त्याने नियमांची बाजू मांडली, तर पलीकडून वाकडं केळं आलं. त्याने शेजारधर्म काढला, तर सार्वभौमत्व आलं. झळ सोसण्याचा चौथा मुद्दा तर कासमभाईंनी त्याच्याच आवाजाच्या चढउतारांसकट म्हटला. प्रत्येक मुद्दा बिनतोड होता, कारण रविकांतने तो तसा घासूनपुसून केला होता. एका तासापूर्वी ढाल जिंकून आलेला माणूस स्वतःच्याच भाषणापुढे हरला आणि जमिनीवर बसला.

"मला उत्तर नाही, कासमभाई," तो फटीतून म्हणाला. त्याचा आवाज आता भाषणाचा राहिला नव्हता. "ब्रिटनचं ब्रिटन बघेल. पण लीना दिवसभर एकटी असते हो. मी पहाटे जातो, मला कधी कळलंच नाही. मी घरी येतो तेव्हा ती हसत असते, तर मला वाटायचं, तिचं बरं चाललंय. ती हसायची ते तुमच्या घरातून आलेलं असायचं. या आठवड्यात ती एकदाही हसली नाही. माझी बाजू कुठलीही असू दे, मी चुकलो."



"हा मुद्दा भाषणात नवता," कासमभाई हळूच म्हणाले.

"नव्हता," रविकांत म्हणाला.

"पुढे बोला," पलीकडून आवाज आला.

तो कासमभाईंचा नव्हता, रुकय्याचाही नव्हता. रविकांतने चटकन मागे वळून पाहिलं. हॉल रिकामा होता. बाहेरचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून जिन्यावरचा उजेड आत आला होता.

"लीना?"

"हो. बेल वाजवून आले मी. तुम्ही पुढे बोला ना," लीना पलीकडून म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं आणि बहुधा पाणीही. "महिनाभर ब्रिटनचं ऐकलं. जरा माझंही ऐकू द्या."

रविकांतने ढाल बाजूला ठेवली आणि पुन्हा फटीला तोंड लावलं. पलीकडे कासमभाई आणि यासिरने "यल्ला!" म्हणून जोर लावला, लोखंडी कपाट किंचाळत फरशीवरून सरकायला लागलं, आणि रुकय्या म्हणाली, "अवो, कपाट हळू! ती फटीला कान लावून बसलीय."